सासऱ्यांची पद्मिनी रोज चालवायची आहे

प्रश्न : सासऱ्यांनी १९८४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार नऊ वर्षं आमच्या अंगणात उभी आहे. ती दुरुस्त करून मुलीची शाळा, मंडई आणि माझी नोकरी यांसाठी रोज वापरावी, असं आम्हा दोघांना वाटतं. यजमान म्हणतात, आधी रंग करून घेऊ म्हणजे हुरूप येईल, आणि व्हिंटेज म्हणून नोंदणीही करू. ताई, तुम्ही दोघं पद्मिनी रोज चालवता. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी व्हिंटेजचं. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली लागतात. तुमच्या गाडीला २०३४ उजाडेल. शिवाय तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कारणांनी रस्त्यावर आणता येते. रोज शाळेला नेता येत नाही. म्हणून साधी नोंदणीच ठेवा. तिची मुदत बहुधा संपली असेल. आरटीओची तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते.

रंग मात्र अगदी शेवटी. आम्ही आधी रंग केला होता. पुढे पायाखालची रबरी चटई उचलली, तर पत्रा बोटाने फुटला. वेल्डिंग करताना दाराखालचा नवा रंग जळाला आणि तिथलं काम पुन्हा करावं लागलं. तुम्ही चटया काढून गाडीच्या तळाचा पत्रा आणि दारांच्या खालच्या कडा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. कुजलेला पत्रा कापून नवा बसवा, वर नुसती पुट्टी भरू देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. आमच्या गाडीचं मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) ‘चालतंय’ म्हणून तसंच ठेवलं होतं. कात्रजच्या उतारावर पेडल हळूहळू खाली जाऊ लागलं. गिअर उतरवून आणि हँडब्रेक लावून ह्यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर आमचा मुलगा होता. घरी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल एकदमच बदला. पावसात पाण्यातून गाडी काढलीत, तर थोडं अंतर पेडल हलकं दाबत चला म्हणजे ड्रम सुकतात.

मग पेट्रोलची टाकी. नऊ वर्षांचा गंज कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, जाऊन बसेल, म्हणून टाकी उतरवून धुवा. आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं. नळ्या आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला पडदा नवा, इथेनॉलला टिकणारा घ्या. सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या दुकानांत शोधा. ही गाडी कुर्ल्यातच बनायची आणि मुंबईच्या जुन्या टॅक्सी हीच गाडी असल्यामुळे तिथल्या मिस्त्रींना तिची नस ठाऊक आहे.

मुलीसाठी मागच्या सीटला पट्टे हवेतच. ते पातळ पत्र्यात नुसते स्क्रूने बसवू नका, खालून जाड पट्टी लावून घ्या.

आणि कामं वाटून घ्या. आमच्याकडे ब्रेक ह्यांचे. वायरिंग आणि कार्बोरेटर माझे. काय उघडलं, काय बदललं, ते एकाच वहीत दोघं लिहितो. नोकरीला गाडी तुम्ही नेणार, तेव्हा थंड इंजिन सुरू करताना चोकची खुंटी किती ओढायची आणि स्टिअरिंगखालचा गिअर कसा पडतो, हे तुमच्या हाताला यायला हवं. पहिला महिनाभर गावातच चालवा आणि रोज सकाळी ब्रेक ऑइलची पातळी बघा.