बॅकअप घेताय, पण मशीन उभं कसं करणार?

टॅलीतला हिशेबाचा डेटा रोज पेन ड्राइव्हवर टाकताय, चांगलंच आहे. पण तो नुसता डेटा झाला. आमच्या ऑफिसात जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, १९ तारखेला, हार्ड डिस्क बसली. डेटा होता हो. पण विंडोज, टॅली, प्रिंटर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर हे सगळं परत चढवण्यात दीड दिवस गेला. लेट फी भरली ती वेगळीच.

म्हणून अख्ख्या मशीनची इमेज घ्या, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग आणि डेटा सगळ्याची एकत्र नक्कल. एक-दोन पीसी असतील तर वीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. मॅक्रियम या तशाच सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती २०२४ पासून बंद आहे, जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका. रिकव्हरी यूएसबी, म्हणजे बंद पडलेलं मशीन जिच्यावरून सुरू करून इमेज परत चढवता येते ती पेन ड्राइव्ह, मात्र आजच बनवा.

वनड्राइव्ह म्हणजे सिंक, बॅकअप नव्हे; पीसीवरच्या फायलीत जो बदल होईल तोच क्लाउडवर जातो. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूप घातलेल्या फायलीही ते इमानेइतबारे वर चढवतं. जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण त्या भरवशावर धंदा ठेवू नका. बाहेरच्या दोन डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा. काम झालं की केबल काढायची, एक डिस्क घरी न्यायची.

आणि महिन्यातून एकदा टॅलीतल्या एखाद्या कंपनीचा डेटा बॅकअपवरून दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर (व्यवहाराची नोंद) दिसतंय का ते बघा.