घाणेरी मुळासकट काढा, खुंट राखा, फवारा दुकानातच राहू द्या

प्रश्न: आरेच्या पाड्यांवरून आणि शहापूर, वाड्याकडे वनपट्टा (वनहक्क कायद्याखालची जमीन) असलेल्या मुंबईकरांकडून एकच विचारणा आहे. उतारावर घाणेरी (टणटणी, लँटाना) माजली आहे. दुकानदार सांगतो, ग्लायफोसेट हे तणनाशक मारा आणि मलबार कडुनिंब लावा. करावे का?

उत्तर: दोन्ही नको.

फवारलेली घाणेरी वरून करपते आणि बुडातून पुन्हा फुटते. मग दुकानदार दुप्पट मात्रा सांगतो. त्याने आधी मरतो तो खालचा टाकळा आणि कुर्डू, म्हणजे पावसाळ्यात बोरिवली-दादरला विकायची तुमची रानभाजी. उघडा पडलेला उतार जोराच्या सरीत माती सोडतो, ते वेगळेच. फवारू नका, दुप्पट तर मुळीच नको.

जमीन ओली असताना, पण फळे काळी पडण्याआधी काम धरा. बुंध्याजवळची माती कुदळीने उकरा आणि मुख्य मूळ जमिनीखाली ३-४ सेंमीवर तोडा. नवी फूट त्याच्या वरच्या भागातून येते, म्हणून जमिनीलगत कोयता चालवून उपयोग नाही. एकाच्या जागी दहा फुटवे येतात. तोडलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवा, कारण ओल्या मातीला टेकलेली फांदी रुजते. सगळा उतार एकदम साफ करू नका. समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडवे, ४-५ मीटरचे पट्टे घ्या, एकाआड एक. उरलेले पुढच्या वर्षी. बुलबुल झाडाखाली बिया टाकतच राहणार, तेव्हा पुढचे दोन पावसाळे रोपे हाताने उपटा. हे टाळले तर केलेली मजुरी पाण्यात.

आता लागवड. आधी खाली बघा. ऐन, किंजळ, धावडा यांचे खुंट जिवंत असतात. प्रत्येक खुंटावर जमिनीलगतचे दोन सरळ फुटवे ठेवा, बाकी हिवाळ्यात छाटा. गुरे आणि वणवा तीन वर्षे रोखा. जुने मूळ खोल असते, म्हणून हे फुटवे विकत आणलेल्या रोपापेक्षा जोमाने वाढतात. राबाला (भातरोपांची जागा भाजायला) यांच्या फांद्या तोडू नका. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून त्याचा पाला चिखलणीत गाडा. रिकाम्या जागी माणगा बांबू ५ × ५ मीटरवर, तोही पाऊस स्थिरावल्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टनंतर दुकानात रोपे स्वस्त होतात. घेऊ नका, ऑक्टोबरच्या उन्हात जातात.

खड्ड्यात घमेलेभर कुजलेले शेणखत पुरे. पहिल्या पावसात युरिया नको: बराचसा वाहून जातो, उरलेला कोवळी मुळे जाळू शकतो. वाळवीसाठी कोणी फोरेट हे कीटकनाशक दिले तर परत करा, त्यावर २०२० अखेरपासून बंदी आहे.

प्रश्न: वनहक्काचा दावा प्रलंबित आहे. कंपनी त्या जमिनीवर चंदन लागवडीचा करार करू म्हणते.

उत्तर: सही करू नका. वनहक्काची जमीन वारसाला जाते, विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा, मर्यादा ४ हेक्टर. नंतर साफ केलेला तुकडा दाव्यात घुसवू नका, पूर्ण दावा अडचणीत येतो. पडताळणी संपेपर्यंत हुसकावता येत नाही. नाकारला तर लेखी निर्णय मागा. अपिलाला ६० दिवस. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी नमुना ग (इंग्रजीत Form C).

फळबाग अनुदान हवे असेल तर आधी मंजुरी, मग खड्डे.