नंदुरबारची सीट घ्यावी का?

पत्र: 'मुलीला दुसऱ्या फेरीत नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची सीट लागली आहे. आम्ही सिंहगड रोडला राहतो. घरचे म्हणतात, एवढ्या लांब, आदिवासी भागातल्या लहानशा कॉलेजात ती काय शिकणार? त्यापेक्षा कर्ज काढून इथल्या खासगी कॉलेजात घालू, नाहीतर आणखी एक वर्ष रिपीट करू दे. काय करावं?' – एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या दोन पानी पत्रात दीर काय म्हणाले, क्लासचे सर काय म्हणाले, सोसायटीतल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं आहे. मुलगी काय म्हणते तेवढं नाही. ते आज जेवताना विचारा. माझं विचाराल तर सीट घ्या. एकदा रिपीट करून लागलेली सरकारी सीट सोडून पुन्हा नीटला बसवणं हा जुगार आहे, आणि खेळायचा तिला आहे, दिरांना नाही.

हे कॉलेज २०२० साली सुरू झालं, जागा १००. आपल्या पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजात २५०. तुम्हाला १०० हा आकडा कमीपणाचा वाटतोय. पण वॉर्डात खाटेभोवती मोठा घोळका उभा राहिला की मागच्या रांगेला पेशंट दिसत नाही, पुढच्याचा ॲप्रन दिसतो. लहान बॅचमध्ये लपायला जागाच नसते. सरांना नाव पाठ असतं, लेक्चर बुडवलं तर संध्याकाळपर्यंत बोभाटा होतो. परीक्षा मात्र नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, थिअरीचा पेपर बी.जे.वाल्यांचा तोच.

उणं काय, तेही सांगतो. हृदयाच्या, मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रिया अशा ठिकाणी फारशा बघायला मिळत नाहीत, अवघड पेशंट मोठ्या शहरात पाठवावे लागतात. पण सिकलसेल हा रक्ताचा आजार बघा. पुण्यातल्या मुलांसाठी तो बहुतेक पॅथॉलॉजीच्या पुस्तकातला धडा. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत तो घरात असतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि पोर हातपाय दुखतात म्हणून रात्रभर कण्हतं. ते एकदा जवळून बघितलं की पुस्तकातली आकृती पाठ करावी लागत नाही.

भाषेचं तुम्ही लिहिलंच नाहीत, खरा घोळ तिथेच होईल. तुमची लेक पेशंटला 'मळमळतंय का हो आपल्याला?' असं विचारेल आणि समोरची आजी 'पोट दुखस' एवढंच म्हणेल. ही अहिराणी, ती महिन्या-दोन महिन्यांत कानावर बसते. डोंगरातून आलेली बाई भिलीत किंवा पावरीत बोलायला लागली की मात्र सिस्टरला नाहीतर आशाताईला हाक मारायची. त्यात लाज कसली! आता एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे नेमाने जावं लागतं. सुशीला नायर यांनी १९६९ साली काढलेल्या सेवाग्रामच्या कॉलेजात मुलांना गावात शिबिराला नेऊन घरं वाटून द्यायची पद्धत जुनीच आहे, बाकीच्यांना ते अलीकडे सुचलं. पुण्यातून अशा गावाला जायला बस करावी लागते. तिथे गाव जवळच असतं.

करमणुकीचं म्हणाल, तर कॅफे, मल्टिप्लेक्स यांची पुण्याशी बरोबरी नाही. थंडीत गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, लांबवर लाल रान आणि नाकात ठसका. पहिल्या वर्षी रडू येईल, दिवाळीला घरी आल्यावर परत जायचं नाही म्हणेल. तेव्हा तुम्ही विरघळू नका.

होकार द्यायच्या आधी तिला घेऊन एकदा जाऊन या, आणि रविवारी नको. कामाच्या दिवशी सकाळी नऊला ओपीडीच्या बाकावर तासभर बसा. रांग केवढी आहे, शिकवणारे डॉक्टर स्वतः पेशंट बघतात की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. हॉस्टेलला पाणी किती वेळ, मेसचं जेवण कसं, रात्री वॉर्डातून परतताना रस्त्यावर दिवे आहेत का, हे त्यांनाच विचारा. मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलोय. माहितीपत्रकातल्या इमारतीचा फोटो बघून एका मुलाला बिनधास्त 'जा' म्हटलं होतं, नाव नको. हॉस्टेलला एक दिवसाआड टँकर यायचा. त्याच्या वडिलांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिरांनी बाँडची भीती घातली आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. पण बी.जे.त सीट लागली असती तरी हेच होतं, आणि त्या वर्षाचा पगार मिळतो.

पहिल्या वर्षी शरीररचना शिकायला लागणारा हाडांचा नवा सेट मात्र इथून विकत घेऊन जाऊ नका. सीनियर मुली दुसऱ्या वर्षाला गेल्या की आपला सेट निम्म्या किमतीत देतात, वर कवटी नीट धरायची कशी तेही दाखवतात. ते पैसे कूलरला ठेवा, खानदेशातला एप्रिल आहे.