मुदत संपलेला अध्यक्ष, मेंढपाळ संघाचा निधी आणि सचिवाची सही

प्रश्न : मी आटपाडी तालुक्यातील एका मेंढपाळ संघाचा सचिव आहे. संघ २००९ साली नोंदवला. घटनेप्रमाणे कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांची असली, तरी २०१५ नंतर निवडणूकच झालेली नाही. अध्यक्ष नात्याने माझे चुलते लागतात. सगळे त्यांना आबा म्हणतात आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी संघासाठी खरोखर पुष्कळ केले आहे. आता मात्र औषधे व लसीकरण यांसाठी सभासदांकडून जमा केलेल्या निधीतून एका पुढाऱ्याच्या सत्काराचा खर्च करायचे त्यांनी ठरवले आहे. बाजारतळाजवळची संघाची बारा गुंठे बिगरशेती जागाही ते गोदामासाठी पंधरा वर्षांच्या कराराने देत आहेत. या दोन्हींसाठी २०२१ आणि २०२४ सालच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते लिहून मी त्यांवर सही करावी, असा आग्रह आहे. त्या सभा झालेल्याच नाहीत. मी राजीनामा द्यावा का? की आम्ही तरुणांनी वेगळा संघ काढावा?

उत्तर : सही करू नका, राजीनामा इतक्यात देऊ नका आणि वेगळ्या संघाचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

सहीचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून तो आधी घेतो. न झालेल्या सभेचे इतिवृत्त मागची तारीख घालून आज लिहिणे म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे होय. कागदावर २०२१ ची तारीख असली, तरी कृत्य आज घडते. त्यामुळे त्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता लागेल. तिच्या कलम ३३५ व ३३६ मध्ये खोट्या दस्तऐवजाची आणि बनावटीकरणाची तरतूद आहे, आणि त्या इतिवृत्ताच्या आधारे निधी खात्यातून बाहेर पडला, तर कलम ३१६ मधील फौजदारी विश्वासघाताचा प्रश्नही उभा राहतो. अध्यक्ष म्हणू शकतात, की सचिवाने लिहून आणले, मी विश्वासाने सही केली. आपल्याला मात्र तसे म्हणता येणार नाही, कारण इतिवृत्त लिहिणे हे आपलेच काम आहे. तेव्हा नकार तोंडी न देता लेखी द्या. ‘अमुक वर्षी सर्वसाधारण सभा झालेली नसल्याने तिचे इतिवृत्त लिहिता येत नाही’ एवढे एकच वाक्य पुरे. ते पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याच दिवशी इतिवृत्ताच्या वहीचे शेवटचे लिहिलेले पान आणि त्यापुढची सर्व कोरी पाने यांची छायाचित्रे काढा. पुढे कुणी त्या कोऱ्या पानांवर जुन्या सभा भरल्याच, तर ती पाने कोणत्या तारखेला कोरी होती हे दाखवणारा दुसरा पुरावा आपल्याकडे नसेल. वही, आवक-जावक आणि सभासद नोंदवही यांच्या प्रती अवश्य घ्या. मूळ दप्तर मात्र लपवू नका, तसे केल्यास आरोपी आपण ठराल.

राजीनाम्याने सुटका होईल, हा समज सर्रास आढळतो. राजीनामा दिला, की दप्तर दुसऱ्याच्या हाती जाते. आणि जोवर कार्यकारिणीतील बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात, म्हणजे अशा संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, होत नाही, तोवर तिथल्या नोंदीत आपले नाव तसेच राहते. म्हणजे अधिकार जातो आणि उत्तर देण्याची पाळी मात्र टळत नाही. शिवाय २०१५ पासून निवडणूक झाली नाही, याचा जाब विचारला गेला, तर तो एकट्या आबांना विचारला जाणार नाही. सभेची नोटीस काढणे हे बहुतेक घटनांमध्ये सचिवाचे कर्तव्य असते. त्यामुळे निवडणूक घेण्याची लेखी मागणी आपल्याकडून आजच जाणे आपल्या स्वतःच्या बचावासाठीही आवश्यक आहे.

पुढचे सारे काही संघ कोणत्या कायद्याखाली नोंदला आहे, यावर अवलंबून आहे. पत्रात ‘घटना’ आणि ‘कार्यकारिणी’ हे शब्द आहेत, त्यावरून संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दुहेरी नोंदणी असावी, असे धरून मी उत्तर देत आहे. आपल्याकडे दोन प्रमाणपत्रे असतील : एकावर ‘महाराष्ट्र’ आणि ‘सांगली’ या शब्दांमध्ये क्रमांक असेल, दुसऱ्यावर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल. ती नसून सहकारी संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर निवडणूक, चौकशी आणि वाद हे सगळे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने, निबंधक आणि सहकार न्यायालय यांच्या वाटेने जाईल आणि खालचा मजकूर आपल्या कामाचा नाही.

आता अध्यक्ष कोण, हा प्रश्न. गावात आबा अध्यक्ष आहेत, बाजारात आहेत, तहसीलदारांच्या बैठकीतही आहेत. कायदा मात्र नोंदवही पाहतो. कार्यकारिणीत बदल झाला, की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे (पुढेही कायद्याचे नाव न देता सांगितलेली कलमे याच कायद्याची आहेत) ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला कचेरीत सगळेच ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, दाखल करावा लागतो आणि चौकशीनंतर तो मंजूर झाला, म्हणजे परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे तिथल्या नोंदवहीतील आपल्या संघाच्या नोंदीत, नवी नावे येतात. सांगलीच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून, म्हणजे वर सांगितलेल्या धर्मादाय कार्यालयातूनच (न्यास म्हणजे विश्वस्त व्यवस्था, इथे आपला संघ), या परिशिष्टाची प्रमाणित प्रत काढा. २०१५ च्या निवडणुकीचा बदल अर्ज दाखल झाला होता का, आणि झाला असल्यास मंजूर झाला का, हे त्यावरून कळेल. कित्येक संघांत असे निघते, की नोंदीवर पहिल्या स्थापनेच्या वेळचीच नावे आहेत आणि त्यांतले काहीजण हयातही नाहीत. मुदत संपलेल्या कार्यकारिणीने नवी निवडून येईपर्यंत दैनंदिन कारभार पाहणे आणि निवडणूक घेणे समजण्यासारखे आहे. पण मुदत संपून इतकी वर्षे लोटल्यावर तिने पंधरा वर्षांचे करार करणे समर्थनीय ठरणे कठीण आहे.

या भांडणात आपले सर्वांत भक्कम हत्यार निवडणूक आहे असे आपण समजत असाल. माझ्या मते ते घटनेतले उद्देशाचे कलम आहे. मुदत, नोटीस, गणपूर्ती यांवर दोन्हीकडून वर्षानुवर्षे वाद घालता येतो. उद्देश मात्र पहिल्या पानावर लिहिलेला असतो आणि त्यावर स्थापनेच्या वेळच्या आबांची स्वतःचीच सही असते. कलम ४१-अ अन्वये धर्मादाय आयुक्तांना जे निर्देश देता येतात, ते न्यासाचा कारभार नीट चालावा आणि उत्पन्न न्यासाच्या उद्देशासाठीच वापरले जावे म्हणूनच. मेंढ्यांचे आंत्रविषार, पीपीआर, देवी या रोगांविरुद्धचे लसीकरण. चांगले मेंढेनर मिळवण्यासाठी कवठे महांकाळ तालुक्यातील रांजणीच्या मेंढी-शेळी महामंडळाच्या प्रक्षेत्राशी व्यवहार. मेंढीपालनासाठीच्या सरकारी महामेष योजनेचे अर्ज भरून देणे. चराईबंदी, वनखात्याचा दंड किंवा मेंढ्यांची चोरी याबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडे शिष्टमंडळ नेणे. हे सारे उद्देशात बसते. चराईच्या मागणीसाठी मोर्चा काढला, तर त्यालाही कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. आमदार-खासदारांना निवेदन देणे हे संघाचे कामच आहे. पण एका पुढाऱ्याचा सत्कार, त्याचा मांडव आणि जेवणावळ औषधाच्या निधीतून करणे यांत मेंढीचा काहीच संबंध नाही. आबांनी तो सत्कार स्वतःच्या खिशातून केला, तर आपल्याला किंवा मला त्यावर बोलण्याचा अधिकार नाही. ‘आता उद्देशच बदलून घेऊ’ असे कुणी म्हणाल्यास, १८६० च्या कायद्याचे कलम १२ सांगते, की त्यासाठी खास सभेत तीनपंचमांश मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी तो ठराव पुन्हा मंजूर व्हावा लागतो.

सभा बोलावताना मात्र फार सावध राहा, कारण मेंढपाळांच्या संघात नोटीस हीच दुखरी जागा असते. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी मेंढपाळ कुटुंबे, कृष्णाकाठाकडे आणि कोकणाकडे निघतात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात घरी म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. अशा वेळी जानेवारीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावायची, गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि उरलेल्या नऊ-दहा जणांत ठराव मंजूर करायचे, हा प्रकार नवा नाही. आपण हेच करू नका. घटनेत टपालाने नोटीस द्यायची असे असेल, तर ती टपालानेच द्या; व्हॉट्सॲपचा संदेश जोडीला असावा, त्याऐवजी नव्हे. सभा वाडे घरी असण्याच्या दिवसांत, म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत ठेवा. घटनेत ठरावीक सभासदांनी मागणी केल्यास विशेष सभा बोलावण्याची तरतूद असते. ती वाचून तेवढ्या सह्यांची मागणी अध्यक्षांना द्या.

आणि त्याआधी वर्गणी. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मतदान करता येत नाही व त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. आपल्या बाजूचे तरुण बहुधा थकबाकीदारच असतील. निवडणूक जिंकून पुढे बदल अर्जाच्या चौकशीत हरण्याची ही नेहमीची वाट आहे. प्रत्येकाने वर्गणी संघाच्या खात्यात भरावी आणि आपण रीतसर पावत्या द्याव्यात. आबांच्या माणसांनाही तितक्याच तत्परतेने.

अध्यक्षांनी सभा घेतलीच नाही, तर अर्ज कोणता करायचा? येथे आपल्या नात्याचा प्रश्न येतो आणि तो मी क्षुल्लक मानत नाही. कलम ४१-ड खाली विश्वस्ताला, म्हणजे इथे कार्यकारिणीच्या सदस्याला, निलंबित वा दूर करता येते. पण त्यात दोषारोप ठेवले जातात, ते सिद्ध करावे लागतात आणि भावकीत कायमची फूट पडते. त्या कलमाचा वापर मी आज सुचवणार नाही. कलम ४१-अ चा अर्ज कुणाला चोर म्हणत नाही. मुदतीत निवडणूक घ्यावी, हिशेब सादर करावेत आणि लसीकरणाचा निधी त्याच कामासाठी वापरावा, एवढेच निर्देश तो मागतो. तो आपणच केला पाहिजे असेही नाही. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे नोंदणीकृत संस्थेचा कोणताही सभासद ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असतो, त्यामुळे वर्गणी भरलेल्या चार-पाच सभासदांनी मिळून अर्ज केला तरी चालतो. दिवाणी न्यायालयात धाव घेण्याचा सल्ला कुणी देईल, परंतु या कायद्याखाली धर्मादाय अधिकाऱ्यांनी ठरवायच्या प्रश्नांवर कलम ८० ने दिवाणी न्यायालयाला अटकाव केला आहे. तारखा पडत राहतील आणि शेवटी याच कार्यालयाकडे यावे लागेल.

जागेच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते; शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. पंधरा वर्षांचा करार परवानगीशिवाय वैध नाही. गोदामवाल्यांना हे ठाऊक नसावे, म्हणून त्यांनाही तशी लेखी सूचना द्या. पैसे गुंतवण्याआधी ते स्वतःच मागे फिरण्याची शक्यता अधिक. दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवण्याची तयारी दिसली, तर कलम ४१-इ अन्वये तातडीचा मनाई आदेश मागावा लागेल. न्यासाची मिळकत गैररीतीने हस्तांतरित होण्याचा धोका असेल, तेव्हासाठीच ते कलम आहे. त्या वेळी स्थानिक वकिलांना घटना, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, आणि कराराचा मसुदा असल्यास तोही सोबत नेऊन भेटा.

बँकेला पत्र लिहिताना हात जरा आखडता ठेवा. ‘संघात वाद आहे, खाते गोठवा’ असे लिहिलेत, तर बँक खरोखरच खाते गोठवील आणि पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस घ्यायलाही पैसे निघणार नाहीत. सभासद त्याचा दोष आपल्याला देतील आणि तो अगदीच गैर नसेल. त्याऐवजी ठरलेल्या संयुक्त सह्यांशिवाय रक्कम देऊ नये आणि सह्यांत कोणताही बदल परिशिष्टाची प्रमाणित प्रत पाहिल्याशिवाय करू नये, एवढेच कळवा. आपली सही संयुक्त सह्यांत असेल, तर सत्काराचा धनादेश आपण अडवूच शकता आणि औषध दुकानदाराचा त्याच दिवशी देऊ शकता.

वेगळा संघ काढायला सात माणसे पुरतात. पण जुन्या संघाचा निधी, बारा गुंठे जागा आणि इतक्या वर्षांचा सरकारदरबारचा पत्रव्यवहार नव्या संघाकडे येणार नाही. ती मिळकत सभासदांनी वाटून घ्यायचीही नसते, संघ विसर्जित झाला तरीसुद्धा. आपण बाहेर पडलात, तर ते सगळे ज्यांच्या हाती राहू नये असे आपल्याला वाटते, त्यांच्याच हाती विनाविरोध राहील. सत्काराची तारीख जवळ असेल, तर नकाराचे पत्र आणि बँकेचे पत्र या आठवड्यातच पाठवा; परिशिष्टाच्या प्रमाणित प्रतीसाठीचा अर्जही त्याच फेरीत सांगलीला देऊन या.