चालकाविना गाडी : कधी, आणि कुठे?

प्रश्न : आपोआप चालणाऱ्या गाड्या ‘पाच वर्षांत येणार’ हे बरीच वर्षं ऐकतो आहे. नक्की कधी?

उत्तर : काही शहरांत त्या आल्याही आहेत. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये वेमो या कंपनीची चालक नसलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२० पासून सर्वांसाठी खुली आहे. मात्र ती ठरलेल्या हद्दीत, आधी बारकाईने नकाशा केलेल्या रस्त्यांवरच धावते. गाडी स्वतः किती चालते हे सांगणाऱ्या, ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संघटनेच्या ० ते ५ या मोजपट्टीवर ही चौथी पातळी. माणूस नेईल तिथे, कसल्याही हवेत जाणारी गाडी म्हणजे पाचवी पातळी. ती अजून कुणाकडेच नाही, आणि तिची तारीख छातीठोकपणे सांगणाऱ्यावर आमचा तरी विश्वास नाही.

रोजचं चालवणं यंत्राला जमतं. अडतं ते क्वचित घडणाऱ्या गोष्टींपाशी : रस्त्यात पडलेली गादी, हातवारे करून वाहतूक वळवणारा माणूस, रंग पुसलेला पट्टा. हेही जमलं असं धरलं, तरी ते सिद्ध कसं करायचं? अमेरिकेत माणसं चालवतात तेव्हा ढोबळमानाने १० कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो. यंत्र निदान तितकं तरी सुरक्षित आहे, हे ९५ टक्के खात्रीने दाखवायला एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर, धावावं लागेल, असा हिशेब ‘रँड’ या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडला. १०० गाड्या ताशी ४० किलोमीटरने रात्रंदिवस पळवल्या तरी साडेबारा वर्षं! शिवाय मध्येच सॉफ्टवेअर बदललं, तर आधीचे किलोमीटर कितपत धरायचे हा वाद उरतोच. म्हणून बरीचशी चाचणी संगणकावरच्या आभासी रस्त्यांवर होते.

प्रश्न : तिसऱ्या पातळीच्या गाडीत झोपता येईल का?

उत्तर : नाही. या पातळीवर ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालते, पण तिने सांगितलं की ताबा चालकाने घ्यायचा असतो. युरोपातल्या नियमानुसार गाडीने ‘आता तुम्ही घ्या’ म्हटल्यावर चालकाला साधारण १० सेकंद मिळतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी १६७ मीटर पुढे गेलेली असते. डुलकीतून उठून रस्त्याचा अंदाज घ्यायला हा वेळ अपुरा आहे.

प्रश्न : पुढची काच बदलल्यापासून लेन सांभाळणारी यंत्रणा गाडी एका बाजूला ओढते. बिघाड कशात?

उत्तर : बहुधा कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे तो नेमका कुठे रोखलेला आहे हे यंत्रणेला जुळवून देण्यात. लेनचे पट्टे पाहणारा, पुढच्या काचेवर आरशामागे असलेला हा कॅमेरा एक अंशाने जरी वळला, तरी ५० मीटरवरची वस्तू सुमारे ९० सेंटीमीटर सरकलेली दिसते. टायरमधली हवा बरोबर करा, डिकीतलं जड सामान काढा. मग सपाट जमिनीवर, ठरलेल्या अंतरावर नमुन्याचा फलक ठेवून कॅलिब्रेशन करून घ्या. काही गाड्यांना स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवूनही ते करावं लागतं. तोवर यंत्रणा बंद ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथेही आहे. टॅक्सीचे कॅमेरे आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारी उपकरणं) डेपोत पुसले-तपासले जातात. घरच्या गाडीचे कोण तपासणार?