सुट्टीचा निर्णय आईबापांचा, शिक्षा लेकराला का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमान कोराडीला वीज केंद्रात. मे महिन्यात विजेची मागणी वाढलेली असते, तेव्हा त्यांना रजा मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर सहावीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा यांना घेऊन तुम्ही कोकणात जाऊन आलात. शाळेचे आठ दिवस बुडाले. परत आल्यावर मुलीच्या डायरीत लाल शाईचा शेरा आला: दिवसाला पाचशे याप्रमाणे चार हजार रुपये भरा, नाहीतर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही. शिवाय दोन दिवस पहिल्या तासाला तिला वर्गाबाहेर उभं केलं. इंग्लंडमधल्या नणंदेला असाच दंड झाला होता, म्हणून आपल्याकडेही तो कायदा असेल, असं तुम्हाला वाटलं.

तसा कायदा आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये परवानगीविना पाच दिवस शाळा बुडवली की स्थानिक प्रशासन दंडाची नोटीस काढू शकतं. ऑगस्ट 2024 पासून प्रत्येक मुलामागे आई आणि वडील दोघांना वेगवेगळा 80 पौंड, आणि 21 दिवसांत भरला नाही तर 160. मात्र तिथेही हा दंड सरकारी यंत्रणा लावते, आणि तो मुलाच्या परीक्षेवर निघत नाही.

आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 10 नुसार मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण त्यासाठी पालकांना दंडाची तरतूद नाही. हजेरी अनियमित असेल तर शिक्षकांनी पालकांना भेटून सांगावं, एवढंच कलम 24 म्हणतं. कलम 16 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर नापास करून त्याच वर्गात ठेवता येतं ते फक्त पाचवीत आणि आठवीत, तेही फेरपरीक्षेनंतर. सहावीत तो प्रश्नच येत नाही. तेव्हा परीक्षेची धमकी मनातून काढून टाका.

चार हजारांचं म्हणाल तर शाळेला लेखी विचारा, ही रक्कम पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेल्या शुल्कात कुठे आहे? राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने मंजूर शुल्कापेक्षा जास्त घेता येत नाही. उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.

मला खरा राग आला तो पोरीला बाहेर उभं केल्याचा. कोकणात जायचं तिने ठरवलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे आणि असं करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. तारीख, तास आणि डायरीच्या त्या पानाचा फोटो आजच जपून ठेवा. आधी मुख्याध्यापकांना पत्र देऊन पोच घ्या. ऐकलं नाही तर कलम 32 खाली लेखी तक्रार करा. अर्ज जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, नाहीतर पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. एक मात्र तपासा: शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा तिला लागू होत नाही. मग शुल्काचा मुद्दा पुढे ठेवावा लागेल.

शेजारच्या काकूंनी सुचवलेलं डॉक्टरांचं खोटं सर्टिफिकेट अजिबात देऊ नका. आज बाजू तुमची आहे. तो कागद दिला की चूक तुमची ठरेल आणि डॉक्टरही अडचणीत येतील. गेलो होतो, विचारायला हवं होतं, असं सरळ लिहा. कारण विचारायला हवंच होतं. वर्गशिक्षिकेला आधी चिठ्ठी गेली असती तर बुडालेला अभ्यास सोबत नेता आला असता.

मुलाचं प्रकरण वेगळं आहे. तो सीबीएसईच्या दहावीत आहे, आणि बोर्डाच्या परीक्षेला 75 टक्के हजेरी लागते. आजारपण किंवा राष्ट्रीय पातळीवरचा खेळ अशा कारणांसाठी सूट मिळते, सहलीसाठी नाही. त्याची आजपर्यंतची हजेरी शाळेकडून लेखी मागवा. काठावर असेल तर आता लग्नाकार्यासाठीसुद्धा त्याला घरी ठेवू नका.