सीसी तेच आहे, मग आरटीओची हरकत कशाला?

प्रश्न : माझ्याकडे 2010 ची व्ही-सिक्स होंडा अकॉर्ड आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका गॅरेजमधून साडेचार लाख रुपये खर्चून तिला टर्बो बसवून घेतला. पंधरा वर्षं भरत आली म्हणून नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेली, तर निरीक्षकांनी बॉनेट उघडताच हरकत घेतली आणि पासिंग थांबवलं. आता नोंदणीची मुदतही संपली आहे. आरसीवर 3471 सीसी आहे आणि इंजिन आजही तेवढंच आहे. पीयूसीही पास आहे. एजंट म्हणतो, एक दिवस जुने पार्ट लावा, पासिंग करून घ्या, मग टर्बो परत चढवा. अपील करू की त्याचं ऐकू? गॅरेजवाल्याकडून पैसे मिळतील का? - स. मो., कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नको. पण त्याआधी तुम्ही न विचारलेली गोष्ट सांगतो, कारण आज तुमचा सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. गाडी एक किलोमीटरही चालवू नका. मुदत संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत विनानोंदणी असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 192 खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड होतो. तो परवडेल, विमा परवडणार नाही. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या 2014 च्या प्रकरणात तात्पुरत्या नोंदणीची मुदत उलटून गेलेल्या गाडीला अपघात झाला होता. कंपनीने क्लेम नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. गाडी गॅरेजला न्यायची असेल तर टोइंगच्या गाडीवर चढवून न्या.

आता सीसीचा मुद्दा. गाड्यांच्या हौशी मंडळींत तो इतका पक्का बसलाय की मला वकिलांकडूनही ऐकायला मिळतो. कलम 52 म्हणतं की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत, असा बदल मालकाने करायचा नाही. नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना 20 मध्ये, सीसीच्या जोडीला अश्वशक्तीचाही रकाना असतो. टर्बो बसवला की नेमकी तीच वाढते, आणि तुम्ही पैसे मोजले तेही तिच्यासाठीच. एक्झॉस्टच्या धुराने फिरणारी टर्बाइन जास्तीची हवा सिलिंडरमध्ये दाबते, त्यासोबत पेट्रोल वाढवावं लागतं, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, मॅप बदलावा लागतो. या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते, मुळात टर्बोविना चालण्याच्या हिशोबाने ठेवलेलं आहे. 'मूलभूत स्वरूप बदलेल असा रचनेतला बदल' ही कलमातली व्याख्या याला लागू होत नाही, असं न्यायालयाला पटवणं मला तरी जमणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात हा दरवाजा जवळजवळ बंदच केला. निर्मात्याने ज्या नमुन्याची चाचणी करून मंजुरी घेतली, त्याच्या मूळ वैशिष्ट्यांना हात लावता येत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. सीएनजी किट चालतं ना, असं तुमच्या मनात येईल. चालतं, कारण इंधन बदलण्यासाठी मंजूर किट बसवायची मुभा कायद्यातच दिली आहे. टर्बोने इंधन बदलत नाही, त्यामुळे ती सवलत तुम्हाला लागू होत नाही.

पीयूसीचा कागद इथे फारसा कामाचा नाही. उभ्या गाडीच्या नळकांड्यातून त्या घटकेला काय निघालं, एवढंच तो सांगतो. टर्बो बसवताना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला असेल, आणि बहुतेक गॅरेजवाले जागेसाठी तो काढतातच, तर प्रदूषणाच्या मानकांसाठी कलम 190(2) वेगळं उभं राहतं.

अपिलाची सोय आहे. कलम 57 खाली आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत ते करता येतं. पण सीसीच्या मुद्द्यावर केलंत तर हराल आणि तोवर गाडी दारात उभी राहील. मूळ पार्ट बसवल्यावरही निरीक्षक अडले, तर लेखी आदेश मागा. अपिलाची वेळ तेव्हा येईल.

एजंटच्या युक्तीबद्दल. पहिल्या तपासणीचा शेरा दप्तरी आहे, म्हणजे यापुढे 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरलेली नाही. खोटी वस्तुस्थिती दाखवून मिळवलेली नोंदणी कलम 55(5) खाली रद्द होऊ शकते. टर्बो पुन्हा चढवला की 182अ(4) आहेच : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. टर्बो, इंटरकूलर, एक्झॉस्ट असे वेगळे मोजायला बसले तर आकडा वाढतो.

तेव्हा सरळ रस्ता धरा. मूळ मॅनिफोल्ड, कन्व्हर्टर, इनटेक परत बसवा आणि ईसीयूचा मूळ मॅप टाकून घ्या. इंजेक्टर बदलले असतील तर तेही मूळचे. काम शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करा. बिलावर पार्ट नंबर हवेत. गाडी निर्मात्याच्या मूळ स्थितीत आहे असं पत्र त्यांच्याकडून मिळालं तर उत्तम. मग नूतनीकरणासाठी नमुना 25 चा अर्ज, पर्यावरण कर, उशिराचं शुल्क आणि फेरतपासणी. निरीक्षकांनी मेमो दिला असेल तर कलम 200 खालची तडजोडीची रक्कम भरून तो विषय तिथेच मिटवा.

विम्याचंही तपासा. टर्बो बसवल्यानंतर पॉलिसी दोनदा तरी नवी झाली असेल आणि तुम्ही कंपनीला काही कळवलं नसेल, असं धरून चालतो. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा कलम 150 मध्ये विमा कंपनीला मिळालेल्या मोजक्या बचावांपैकी एक आहे. म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान तर सोडाच, थर्ड पार्टीच्या दाव्यातही कंपनी वाद घालू शकते. पार्ट परत बसवल्यावर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

गॅरेजवाल्याचं प्रकरण मात्र अर्ध्या आशेचं आहे. कायद्याने मना केलेल्या कामाचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे निरर्थक, आणि 'दोघांनाही माहीत होतं' हा त्याचा पहिला बचाव असेल. तुम्ही कागदपत्रांसोबत त्याचा व्हॉट्सअ‍ॅप पाठवलात, त्यात तो लिहितो : "आरटीओचं टेन्शन घेऊ नका साहेब, आरसीवर सीसी असतं, ते बदलत नाही." तुमच्या बाजूने सगळ्यात मोलाचा कागद हाच. जाणकाराने ग्राहकाला चुकीचं सांगून काम घेतलं, असं यावरून मांडता येईल. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. चॅट हा इलेक्ट्रॉनिक पुरावा, म्हणून त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने ग्राहक आयोगात शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या कोल्हापुरातच तक्रार करता येते, पुण्याला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. ती टर्बो बसवल्यापासून की आरटीओने अडवल्यापासून, यावर समोरचा वकील भांडणारच, म्हणून बसवल्याची तारीख धरूनच हिशोब करा. तुमच्या बिलावर दिसणाऱ्या तारखेप्रमाणे जेमतेम पाच आठवडे उरलेत. नोटीस या आठवड्यात जाऊ द्या.